मोबाइल नंबर हा वायफायचा पासवर्ड नव्हे : घरचं वायफाय नीट बंदिस्त कसं करायचं

गेल्या महिन्यात चिंचवडला आत्याकडे गेले होते. "नेट सारखं अडकतंय गं, जरा बघ," म्हणाली, म्हणून राउटरचं पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. घरात माणसं दोन. फोन दोन, टीव्ही एक, एक जुना टॅब. यादीत नावं तेरा. त्यातलं एक वरच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं होतं, तेवढं ओळखता आलं. बाकीच्यांचा पत्ता लागेना.

पासवर्ड विचारला. "ह्यांचा मोबाइल नंबर," आत्या म्हणाली. "केबलवाल्याच्या पोरानं बसवतानाच ठेवला, लक्षात राहील म्हणून." काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांचा नंबर खाली लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहिलेला आहे.

आपल्याकडे घराघरांत हाच प्रकार आहे. त्या दुपारी तिच्याकडे जे जे केलं ते इथे क्रमानं देते. साधारण तासाभराचं काम आहे, आणि त्यासाठी कुणा जाणकाराला बोलवावं लागत नाही.

नेट हळू होणं ही सगळ्यात छोटी गोष्ट

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. तरी चौकशी त्याची झाली, कॉम्प्युटर त्याचे तपासले गेले. कारण साधं आहे : तुमच्या वायफायवरून जे जाईल ते बाहेरच्या जगाला तुमच्या घरातून गेलेलं दिसतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असेच ईमेल मुंबईतल्या दुसऱ्यांच्या वायफायवरून गेले. पुढच्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घ्या, असं नेट पुरवणाऱ्या कंपन्यांना बजावलं.

दुसरा धोका शांतपणे येतो. राउटरच्या आतल्या सेटिंगपर्यंत कुणी पोचला, तर तो डीएनएस बदलू शकतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ती बदलली की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकलं तरी भलत्याच पानावर जाऊ शकता. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास मोडेमच्या सॉफ्टवेअरमधली एक फट वापरून सुमारे ४५ लाख मोडेममध्ये नेमकं हेच केलं गेलं. हल्ली ब्राउझर अशा वेळी लाल इशारा देतो. पण घाईत 'तरीही पुढे जा' दाबणारी माणसं आपल्या घरातही आहेत.

मोबाइल नंबर किती वेळ टिकतो

हे मी आत्याला कागदावर मांडून दाखवलं, तुम्हालाही दाखवते, कारण इथे पटलं की पुढची मेहनत करावीशी वाटते.

तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये हवेतून एक छोटीशी ओळखपाळख होते. पार्किंगमध्ये गाडीत लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस ती टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड उघड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे ताडून बघायला तेवढं पुरतं. मग तो घरी जाऊन निवांतपणे अंदाज तपासत बसतो. तुमच्या राउटरला याची गंधवार्ताही नसते.

भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं वरच्या श्रेणीतलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं. ४०० कोटी भागिले १० लाख, म्हणजे ४००० सेकंद. तासभर आणि वर सहा-सात मिनिटं, तेही त्याला तुमचा नंबर अजिबात माहीत नसताना. जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारच होतात, त्या पापणी लवायच्या आत संपतात. आणि मुलांचं नाव, पुढे '@१२३' हा प्रकार तर अंदाजांच्या तयार याद्यांमध्येच असतो.

पहिली पायरी : घरात डबे किती आहेत ते मोजा

हे हास्यास्पद वाटेल, पण इथेच बहुतेक घरं चुकतात. भिंतीवर केबलवाल्यानं लावलेला डबा असतो, त्यात फायबरची बारीक तार येते. नेटवाले त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून पुढे आपण दुकानातून वेगळा राउटर आणतो. नव्या राउटरला चांगला पासवर्ड देतो. भिंतीवरच्या डब्याचं वायफाय मात्र तसंच चालू राहतं, पहिल्या दिवशीच्या पासवर्डवर, आणि कुणाच्या ते ध्यानातही नसतं. आत्याकडे हेच होतं. तेरातली बरीचशी नावं त्या विसरलेल्या डब्यावर होती.

त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या प्रत्येक डब्यासाठी करायच्या. जुन्या डब्याचं वायफाय लागतच नसेल तर फक्त त्याचं वायफाय बंद करा, डबा चालू राहू द्या. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच डब्याच्या वायफायवर चालत नाही ना, एवढं आधी तपासा.

दुसरी पायरी : राउटरच्या आत शिरणं

डब्याच्या पाठीवर किंवा पोटाखाली स्टिकर असतो. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड, आत शिरायचा पत्ता, आणि बऱ्याचदा युजरनेम व पासवर्डही छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या डब्याला १९२.१६८.२९.१. स्टिकर पुसला गेला असेल तर फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडा, तिथे 'गेटवे' किंवा 'राउटर' या शब्दापुढे तोच पत्ता दिसेल. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत टाका. पान उघडत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा, बऱ्याचदा तोच आडवा येतो. 'हे पान सुरक्षित नाही' असं ब्राउझर म्हणेल. स्वतःच्या डब्याच्या या पत्त्यापुरतं ते चालतं, दुसरीकडे कुठेही नाही.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, 'डब्ल्यूएएन' किंवा 'पीपीपीओई' नावाचा विभाग. दोन, डब्याच्या मागचं टाचणीनं दाबायचं रीसेटचं भोक. नेट चालू राहण्यासाठी कंपनीनं भरलेलं युजरनेम तिथे असतं, ते पुसलं गेलं तर केबलवाल्याची वाट बघत बसावं लागेल. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढायची सवय ठेवा.

तिसरी पायरी : आतलं कुलूप आधी

लोक वायफायचा पासवर्ड बदलतात आणि काम झालं म्हणतात. पण पासवर्ड दोन आहेत. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली. राउटरच्या पानावर शिरायचा पासवर्ड म्हणजे कपाटाची, आणि ती बहुतेक घरांत 'अॅडमिन' या एका शब्दाची असते. वायफायवर आलेला कोणताही पाहुणा, किंवा फोनमध्ये शिरलेलं एखादं खोडसाळ अॅपसुद्धा, ती लावून बघू शकतं.

२०१६ साली मिराय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच दुबळेपणावर. त्याच्याजवळ कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. इंटरनेटवर दिसणारे कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर यांच्यावर तो त्या एकेक करून लावत गेला आणि लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या हल्ल्यानं ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. ज्यांची उपकरणं त्यात वापरली गेली त्यांना बहुधा कळलंही नसेल.

'सिस्टम', 'मॅनेजमेंट' किंवा 'अॅडमिनिस्ट्रेशन' या विभागात पासवर्ड बदलायची सोय असते. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. तिथेच आसपास 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'रिमोट अॅक्सेस' दिसेल, म्हणजे घराबाहेरून या पानावर शिरायची मुभा. ती बंद करा. 'टीआर-०६९' नावाची नोंद दिसली तर ती राहू द्या, कंपनी तिच्यावरून डब्याची देखभाल आणि अपडेट करते.

चौथी पायरी : सुरक्षेचा प्रकार

'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूएलएएन' विभागात 'सिक्युरिटी' किंवा 'ऑथेंटिकेशन' म्हणून एक यादी असते. त्यात काय निवडायचं ते थोडक्यात सांगते.

डब्ल्यूईपी हा १९९७ चा प्रकार, २००१ मध्येच तो फोडून दाखवला गेला. तो दिसला तर डबाच बदला. नुसतं डब्ल्यूपीए हे २००३ चं ठिगळ होतं, तेही नको. डब्ल्यूपीए२ हे २००४ चं. चांगल्या पासवर्डसोबत ते आजही घराला पुरतं, फक्त त्याच्या जोडीला 'एईएस' निवडा, 'टीकेआयपी' किंवा दोघांचं मिश्रण नको. २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए३ सगळ्यात उत्तम, कारण ती पार्किंगमधल्या माणसाची युक्तीच त्यात चालत नाही. प्रत्येक अंदाज त्याला तुमच्या राउटरसमोर येऊन तपासावा लागतो.

अडचण एवढीच की जुने प्रिंटर, जुने टीव्ही, स्वस्तातले कॅमेरे डब्ल्यूपीए३ ला जोडले जात नाहीत. मग 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा एकत्र पर्याय घ्या. पण त्या एकत्र पर्यायात डब्ल्यूपीए२ नं जोडलेल्या फोनची ओळखपाळख पूर्वीसारखीच टिपता येते, म्हणून पासवर्ड कच्चा ठेवून चालत नाही.

पाचवी पायरी : पासवर्ड, मराठीतून

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. या जागेचा आपण उपयोगच करत नाही. चिन्हं, आकडे, मोठी-छोटी अक्षरं यांचा गुंता करण्यापेक्षा पाच शब्द घ्या, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आत्याकडे आम्ही असं केलं. कपाटातला जाडजूड मराठी शब्दकोश काढला. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखालचा शब्द घ्यायचा. अवघड जोडाक्षर आलं तर पुन्हा बोट ठेवायचं. पहिल्या फेरीत आलं : रताळे, कंदील, उतारू, पिसारा, गोणपाट. आत्या खुदकन हसली, आणि त्या हसण्यामुळेच ते शब्द तिच्या डोक्यात बसले. अर्थात ते शब्द आम्ही ठेवले नाहीत, दुसऱ्या फेरीतले ठेवले, म्हणून इथे सांगू शकते. तुम्हीही हे पाच वापरू नका.

हिशोब बघा. नेहमीच्या वापरातले पाच हजार शब्द धरले आणि त्यातून खरोखर चिठ्ठी काढल्यासारखे पाच निवडले, तर सेकंदाला दहा लाख अंदाज तपासूनही सगळ्या जोड्या संपायला एक लाखाच्या आसपास वर्षं लागतात. चार शब्दांना वीसेक वर्षं. म्हणून पाच. स्वतः सुचलेले शब्द घेऊ नका, अभंगाची ओळ नको, गाण्याचा मुखडा नको. माणसाला जे सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं.

हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकायचे आहेत, तेव्हा स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कागदावर लिहा. 'रताळे'चा शेवट 'इ'नं की 'ए'नं यावरून नंतर घरात वाद होतो. सगळी अक्षरं छोटी, मध्ये जागा नाही. टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर निवडताना याचं महत्त्व कळेल.

आणि दोन्हीकडे बदला. बऱ्याच राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय असतात आणि त्यांचे पासवर्ड वेगवेगळ्या पानांवर असतात. एक बदलून दुसरं तसंच राहिलेलं मी अनेक घरांत पाहिलंय. वायफायचं नावही या निमित्तानं बदला. आडनाव आणि फ्लॅट नंबर त्यात नको. नाव बदललं की जुने फोन जुन्या पासवर्डनं धडका मारत बसत नाहीत.

सहावी पायरी : डब्ल्यूपीएस बंद

बटण दाबलं की फोन जोडला जातो, ती ही सोय. तिच्या पोटात आठ आकडी पिन असतो, आणि तो पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो. आधी चार आकडे, ते बरोबर असतील तर पुढचे तीन, कारण आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे दहा कोटी शक्यतांऐवजी जेमतेम ११ हजार. हे २०११ च्या डिसेंबरात उघड झालं. नंतर पुष्कळ राउटरमध्ये चुकीच्या पिनांवर बंधनं आली, पण तुमच्या डब्यात ती आहेत की नाहीत हे बघत बसण्यापेक्षा डब्ल्यूपीएस बंद करून टाका. नाहीतर तुमच्या पाच शब्दांना वळसा घालून कुणीतरी आत येईल.

'यूपीएनपी'ही बंद करा. घरातली उपकरणं त्यातून स्वतःच बाहेरच्या जगासाठी दार उघडू शकतात. मुलाच्या ऑनलाइन गेममध्ये अडथळा आला तर तेवढ्यापुरता विचार करता येईल.

सातवी पायरी : पाहुण्यांचं वायफाय

अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड दिसतो, आणि बऱ्याच फोनमध्ये त्याखाली पासवर्ड सरळ वाचता येतो. म्हणजे तुम्ही एकाला दिलेला पासवर्ड तो कितीजणांना देईल यावर तुमचा ताबा नाही. आणि घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे पाण्यापाठोपाठ वायफाय विचारतात, 'देत नाही' म्हणता येत नाही, म्हणायचं कारणही नाही.

'गेस्ट नेटवर्क' चालू करा. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण तुमचा कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटरचं पान दिसत नाही. पाहुण्यांनी एकमेकांच्या उपकरणांत डोकावू नये म्हणून 'आयसोलेशन' असा पर्याय दिसला तर तोही चालू करा. याला दोन-तीन शब्दांचा पासवर्ड ठेवला आणि सणावारी घर भरून गेल्यावर बदलला तरी चालेल.

दाराशी लावलेला कॅमेरा, वायफायचे बल्ब, स्मार्ट प्लग हेही मी याच वायफायवर टाकते. त्यांच्यात अपडेट क्वचित येतात, त्यामुळे ती उपकरणं घरच्या लॅपटॉपच्या शेजारी बसलेली मला नको वाटतात. टीव्ही आणि प्रिंटर मात्र मुख्य वायफायवरच ठेवा, नाहीतर फोनवरचे फोटो टीव्हीवर दिसणार नाहीत. कॅमेऱ्याच्या अॅपचा पासवर्डही बदला. तो तर घराच्या आतलं दाखवतो.

आठवी पायरी : अपडेट

'फर्मवेअर अपडेट' शोधा, फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि आपोआप होणारं अपडेट चालू करा. २०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या एका संशोधकानं डब्ल्यूपीए२ मधलाच 'क्रॅक' नावाचा दोष दाखवला. त्यावर उपाय पासवर्ड बदलणं हा नव्हता, फोन आणि राउटर दोन्हीचं अपडेट हाच होता. कंपनीनं अपडेट देणं थांबवलेला डबा कितीही धडधाकट दिसला तरी बदलावा. नवा घेताना खोक्यावर डब्ल्यूपीए३ लिहिलेलं बघून घ्या. जुना भंगारवाल्याला देण्याआधी मात्र ते रीसेटचं भोक टाचणीनं दहा-पंधरा सेकंद जरूर दाबा.

हे करत बसू नका

वायफायचं नाव लपवल्यानं काही साधत नाही. साध्या फुकट अॅपनं ते सापडतं, उलट तुमचाच फोन बाहेर कुठेही त्या नावानं हाका मारत फिरतो. ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकांनाच, प्रवेश देण्याचंही तसंच. मॅक पत्त्याची नक्कल सहज करता येते, आणि हल्लीचे फोन स्वतःच खोटा पत्ता वापरतात, त्यामुळे अडकतात ती घरचीच माणसं.

सगळं झाल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी पुन्हा उघडा. घरातलं एकेक उपकरण जोडत जा आणि प्रत्येकासमोर त्याचं नाव लिहा, 'काकांचा फोन', 'हॉलचा टीव्ही'. पुढे कधी अनोळखी नाव आलं तर लगेच डोळ्यांत भरेल. भाड्याच्या घरात असाल तर राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी हे सगळं करा, आधीच्या भाडेकरूच्या फोनमध्ये तो पासवर्ड अजून आहे. आपल्या वायफायवरून काही गैर झाल्याचा खरोखर संशय असेल, पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उपकरणात व्हायरस शिरल्याची शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची साधनं मोफत मिळतात.

दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून आत्यानं स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. मला ती जागा पसंत आहे. पार्किंगमध्ये बसलेल्याला ते दार उघडता येत नाही.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. वरचा मुलगा आला होता, "काकू, तुमचं वायफाय बंद आहे का?" परीक्षा तोंडावर आलेली, त्याच्या घरी नेट नाही. आत्यानं त्याला आत बसवलं, पोहे दिले आणि पाहुण्यांच्या वायफायचा क्यूआर त्याच्यापुढे धरला. आता यादीत पाच नावं आहेत, आणि पाचवं कुणाचं ते तिला माहीत आहे.